उलट्या पिळाचा दोरा

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नळदुर्ग,
३ सप्टेंबर

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओवर बोलायला बसले, तर पंधरा मिनिटं मला फक्त तुमचा कान दिसला. तुम्ही फोन कानाला लावून ओरडत होता आणि मी त्या कानाला जेवलात का, झोप लागते का, असं विचारत होते. शेवटी ह्यांनी येऊन विचारलं की ही कानाची जाहिरात कुठल्या दवाखान्याची. तेव्हा आता ठरलं. मी कागदावर लिहून फोटो पाठवणार, शुभांगी तो तुम्हाला मोठा करून दाखवणार, आणि तुम्ही लिहाल त्याचा फोटो ती मला पाठवेल. यंत्र कानात घालून बसलात तर हे सगळं टळलं असतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून तुम्ही डबीत ठेवलंय. तुमच्या डबीत बऱ्याच गोष्टी नुसत्या पडून असतात.

त्यावरून आठवलं. हिरव्या डबीत मी नवा दोरा दिला होता, तो बांधलात का? निघताना मी पाहिलं, जुन्याचे पदर सुटायला लागलेत. गळ्यातल्या लिंगाचा दोरा आहे अप्पा, चपलेचा पट्टा नाही, तुटेपर्यंत वापरायला. 

बाकी इकडं क्षेम. यंदा बोरीला एवढं पाणी आहे की किल्ल्यातले नर-मादी दोन्ही धबधबे धो धो चाललेत. रविवारी बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. शाळेत जाताना रोज तुमचं घर उघडते, खिडक्या लावते-काढते. शांतलिंगस्वामी मठाच्या पायरीवरून रोज विचारतात, आमचा पाणीवाला कधी येणार? चार नोव्हेंबरचं तिकीट आहे असं मी सांगते. आईचं पहिलं पुण्यस्मरण सोळाला. पूजेसाठी जंगमांना सांगितलंय. हुग्गी तिला आवडायची तशी, गव्हाची, खोबरं जास्त. तुम्ही येऊन नुसतं बसायचं.

विरेश, शुभांगी आणि आरोहीला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू द्या, आणि दोरा बदला.

आपली,
लीला

•

मसिंदी, युगांडा
१४ सप्टेंबर

चि. सौ. लीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं डावखुरं अक्षर, ओळी वर वर चढत गेल्यात. शुभांगीनं फोटो मोठा केला तेव्हा मला मान वाकडी करून वाचावं लागलं. चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, पण इतका चढ असलेला कालवा पाहिला न्हाय.

आता खरी बातमी. मागच्या रविवारी विरेशनं आम्हाला नाईल नदीवर नेलं. त्याच्या साखर कारखान्यापासून गाडीनं दोन-अडीच तास. तिथं दुमजली लाँच असते, तीन तास नदीतून वर नेते आणि आणते. नारिंगी जाकिटं घालतात. माझ्या जाकिटाचे बंद आरोहीनं बांधले आणि आजोबा गॅसच्या टाकीसारखे दिसतात म्हणाली.

लीला, काय सांगू. पाण्यात नुसते कान. आधी वाटलं शेवाळावर पाखरं बसलीत. मग एक कान फडफडला, खाली डोळा दिसला, आणि डोळ्याखालून ट्रॅक्टर वर यावा तसा पाणघोडा वर आला. आपण मराठीत घोडा म्हणतो. तुझी आई कानडीत नीरानी म्हणाली असती, म्हणजे पाण्यातला हत्ती. आणि दोन मिनिटांनी म्हणाली असती की घोडा नव्हे, हत्ती नव्हे, ही तर तुमच्या बहिणीची म्हैस. काठाला मगरी जबडा उघडा ठेवून पडलेल्या, कुणी वाळत घातल्यासारख्या. हत्तींचं कुटुंब पाणी प्यायला आलं होतं. दरडीला भोकं पाडून लाल गळ्याचे वेडे राघू राहतात, अगदी आपल्याकडच्या राघूंचे श्रीमंत भाऊ. आणि वर गेल्यावर सगळी नाईल सात मीटरच्या फटीतून खाली पडते. सेकंदाला किती पाणी, तो विसर्ग काढायला बसलो आणि अर्ध्यावर सोडला. एवढं पाणी मी कागदावर कधी लिहिलेलं न्हाय.

लाँचवर ओकेलो नावाचा नावाडी आहे. तो मला सारखं मझे, मझे म्हणत होता. मला वाटलं हिंदीत मुझे म्हणतोय आणि वाक्य अर्धंच सोडतोय. मी पुढं काय, पुढं काय विचारत राहिलो. शेवटी विरेशनं सांगितलं, इथं वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात. 

दोऱ्याचं ध्यानात आहे. पण तुझा नवा दोरा दुकानातला. हा तुझ्या आईनं वळलेला आहे, आठ पदरी. ती असा तसा वळत नसे. इतक्यात काही होत न्हाय.

येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. जावईबापूंना सांग, कान सुखरूप आहे.

तुझा,
अप्पा

•

नळदुर्ग,
७ ऑक्टोबर

ती. अप्पांस,
शि. सा. न.

क्षेमकुशल आज विचारत नाही. आज मी भांडायला बसले आहे.

तीन आठवडे तुमचं एक अक्षर नाही. आणि काल शुभांगीचा निरोप, की अप्पांनी तिकीट पुढं ढकलायला सांगितलंय. जानेवारीत! विरेशला म्हणे तुम्ही सांगितलंत की व्हिसा वाढवून घे, नदीचं काम राहिलंय. नदीचं कसलं काम? नाईलवर तुमची नेमणूक कुणी केली? मी निरोप दोनदा वाचला. मग शाळेत गेले आणि सातवीच्या वर्गाला भूगोलाऐवजी इतिहास शिकवला. पोरींनी तास संपल्यावर सांगितलं.

तुम्ही सलग तीन रविवार लाँचवर गेलात, हेही कळलं. वहीत पाणघोडे मोजून ठेवता, कोणत्या वळणावर किती कान. अप्पा, पाणघोडे तुमच्या मोजण्यावाचून राहिलेले नाहीत. इकडं सोळा नोव्हेंबरला आईला जाऊन वर्ष होतंय. तिच्या फोटोसमोर कोण बसणार? मी सगळं करीन, जंगमांचे पाय धुवीन, हुग्गी ढवळीन, पण तुमच्या पाटावर मी नाही बसायची. तिनं सत्तेचाळीस वर्षं तुमच्या आधी घास घेतला नाही. तिच्या पहिल्या वर्षाला तुम्ही दुसऱ्या खंडात बोटीच्या कठड्याला रेलून उभे? लोक विचारतील तेव्हा काय सांगू, की आमचे अप्पा मगरींत रमलेत?

शांतलिंगस्वामींनी काल पुन्हा विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी नुसती मान हलवली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मला खरं काय ते कळवा. तिकडं करमतं म्हणून राहायचं असेल तर तसं लिहा. मी ओरडेन, रडेन, पण ऐकेन. नदीचं काम असलं काहीतरी लिहू नका.

रागातही नमस्कार करतेच आहे, तो घ्यावा.

आपली,
लीला

•

मसिंदी,
१३ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अप्पांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला एवढंच म्हणाले की ताईचं बरोबर आहे. बस्स. तिकिटाचं काढलं की कानात यंत्र नाही अशी खूण करतात. ताई, मी वैतागलोय. तू तिकडून ओरडतेस, ते इथं गप्प बसतात, आणि मध्ये कारखान्याचा हंगाम.

रविवारी मी पाचव्यांदा त्या लाँचवर बसलो. मला आता पाणघोडे नावानं ओळखत असतील. एकदा मी त्यांना दुसऱ्या बाजूला, जिथं नाईल अल्बर्ट सरोवराला मिळते तिकडं नेलं. तिथल्या दलदलीत जोड्यासारख्या चोचीचा एक मोठा पक्षी असतो, त्यासाठी लोक जगभरातून येतात. तो सापडला. तासभर एका पायावर हलला नाही, जुन्या चौकीदारासारखा. माझ्या अंगावर काटा आला. अप्पा म्हणाले की छान आहे, पण आपलं वळण ह्या बाजूला नाही.

ते वळण म्हणजे एक पडलेलं झाड आहे, त्याच्यापाशी पाणी उथळ आहे. ओकेलो तिथं लाँच हळू करतो. बाकीचे प्रवासी हत्तींचे फोटो काढायला पलीकडं धावतात आणि अप्पा एकटे ह्या कठड्याशी. पाण्यात बघत राहतात, वहीत आकडा लिहितात. मागच्या वेळी एका बाईंनी तक्रार केली की ह्या आजोबांसाठी दर वेळी इथंच का थांबायचं. ओकेलोनं तिला काय सांगितलं कुणास ठाऊक, ती येऊन अप्पांच्या शेजारी उभी राहिली.

खाणंही कमी झालंय. केळी आणि दूध. भाकरी नको, भात नको, पोट बरं नाही म्हणतात. डॉक्टरनं तपासलं, पोटाला काही झालेलं नाही. सकाळी पूजेला आता दार लावून घेतात. आरोहीनं फटीतून पाहिलं. ती विचारत होती की आजोबा रिकाम्या हाताकडं का बघत बसतात. डावा तळहात पुढं धरतात म्हणे आणि बघत राहतात. मला वाटतं नजर कमी झाली असेल. पुढच्या आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं नेतो.

तूच काहीतरी कर. तुझं ते ऐकतात, निदान घाबरतात.

लोभ आहेच, तो रागाच्या खाली दबू देऊ नकोस.

तुझा,
विरेश

•

नळदुर्ग,
१४ ऑक्टोबर

चि. विरेशास आशीर्वाद.

अरे बावळटा! डोळ्याच्या डॉक्टरकडं स्वतः जा आधी.

रिकाम्या हाताकडं का बघतात, हे आठ वर्षांच्या पोरीला दिसलं आणि तुला नाही? तुझ्या गळ्यातलं तू कॉलेजात असतानाच कपाटात ठेवलंस, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. पण डाव्या तळहातावर काय घेऊन आपला बाप पन्नास-साठ वर्षं रोज सकाळी बसतो, हे तरी ध्यानात असू दे. ते जेवत का नाहीत? पूजेशिवाय ते कधी जेवलेत का?

त्यांना काही विचारू नकोस. सदरा बदलताना गळ्याकडं बघ आणि मला एका ओळीत कळव. हे सगळं माझ्यामुळं झालं असावं अशी मला भीती वाटते. ती का, ते नंतर.

ताई

•

मसिंदी,
२२ ऑक्टोबर, पाडवा

चि. सौ. लीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विरेश आठ दिवस मी सदरा बदलायची वाट बघत दारात उभा राहायचा. त्याला हेरगिरी जमत न्हाय. काल मीच सदरा काढून त्याच्यासमोर बसलो. तो माझ्या पायाशी बसला. आता तुला लिहितो. आज पाडवा, तुझ्या आईनं ओवाळायचा दिवस. खोटं लिहिणं होणार न्हाय.

दुसऱ्या रविवारची गोष्ट. पडलेल्या झाडापाशी एक मादी होती, तिच्या पाठीवर पिलू. पाणघोड्याचं पिलू आईच्या पाठीवर उभं राहून पाण्याबाहेर येतं, मला माहीत नव्हतं. मी नीट दिसावं म्हणून कठड्यावरून वाकलो. जाकीट गळ्याशी दाटत होतं, म्हणून लिंगाची डबी मी आरोहीच्या नकळत वर काढली होती. दोरा तुटला. आवाजसुद्धा झाला न्हाय. चांदीची डबी पाण्यात गेली, एकदा चमकली, आणि त्या जागेवर दोन कान वर आले.

ओकेलोनं पाहिलं. त्यानं लाँच थांबवली. पण त्या पाण्यात कुणाला उतर म्हणायचं? एका बाजूला पाणघोडे, दुसऱ्या बाजूला मगर. त्यानं हात जोडले. मीही जोडले. तेव्हापासून मी दर रविवारी मोजतो. लोकांना वाटतं मला जनावरांचं वेड लागलंय. मी वाट बघतो की कधीतरी त्या जागी एकही कान नसेल, पाणी उतरेल, आणि तळ दिसेल. वहीत सगळे आकडे आहेत. सर्वांत कमी नऊ.

आता तूच सांग, सोळाला कसा येऊ? तुझ्या आईचं लिंग आपण तिच्या हातात देऊन तिला मातीत बसवलं. माझं मात्र मी सांभाळलं न्हाय. तिच्या फोटोसमोर, शांतलिंगासमोर, उघड्या गळ्यानं कुठल्या तोंडानं बसू? शिवाय ते ज्या पाण्यात आहे ते सोडून विमानात बसलो, तर कायमचं सोडल्यासारखं होईल.

आणि सगळ्यांत वाईट हे, की तू सांगत होतीस. नवा दोरा डबीत होता. पण हा काढला असता तर तिच्या हातचं अंगावर काही उरलं नसतं. दोन वर्षांपूर्वी, हात थरथरत होते तेव्हा तिनं तो वळला. तो मी कसा काढणार?

गळ्यात उरलेला तुकडा तेवढा खिशात आहे.

तुझ्या रागावर तुझा हक्क आहे. तो संपला की आशीर्वाद घे.

तुझा,
अप्पा

•

नळदुर्ग,
२४ ऑक्टोबर

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी जेवा. हे वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नका, शुभांगीला ताट वाढायला सांगा आणि समोर ठेवून वाचा. ही माझी आज्ञा नाही, शांतलिंगस्वामींची आहे.

तुमचं पत्र घेऊन मी मठात गेले. स्वामी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी वाचून दाखवलं. मला वाटलं आता ते डोळे मिटतील, काहीतरी प्रायश्चित्त सांगतील. ते हसायला लागले अप्पा. इतके हसले की शेंगांची टरफलं उडाली. म्हणाले, आमच्याकडच्या लिंगाला सकाळी एक तांब्या पाणी मिळतं, महालिंगप्पाच्या लिंगाला आख्खी नाईल मिळाली, आणि हा माणूस तोंड लपवून बसलाय. मग गंभीर झाले. म्हणाले, त्याला कळव की नवं मी माझ्या हातानं देईन आणि पूर्वी दिलं होतं तसंच कानात मंत्र सांगीन, यंत्र लावलं असेल तर. तोवर तळहातावर मनानं बघायचं आणि पोटभर जेवायचं. आणि पाणघोडे किती हा आकडा त्यांना हवाय.

आता माझं. तुमचा राग येतोच आहे. चार आठवडे केळी खाऊन राहिलात आणि सांगितलं नाहीत. मी जे जे लिहिलं, मगरींत रमलात वगैरे, ते तुम्ही खिशात घेऊन फिरलात. मला फार लाज वाटली आणि त्या लाजेचाही तुमच्यावरच राग आला. 

पण एक गोष्ट मीही दोन वर्षं लपवली आहे.

तो दोरा आईनं वळलेला नाही. मी वळला.

तिनं सूत घेतलं होतं, पण हात धड राहत नव्हते. तीन वेळा वळला, तीन वेळा सुटला. चौथ्यांदा तिनं सूत माझ्या मांडीवर टाकलं आणि माझ्याकडं न बघता सांगितलं की तू कर, पण ह्यांना बोलू नकोस, ह्यांना वाटेल मी गेलेच. मी तिच्या खाटेशी बसून आठ पदर वळले. शेवटची गाठ तेवढी तिनं मारली, माझ्या बोटांवर बोटं ठेवून. संध्याकाळी तिनं तो तुमच्या गळ्यात बांधला तेव्हा तुम्ही म्हणालात की तुझ्या हातची सर कुणाला नाही. ती माझ्याकडं बघून हसली. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

नवा दोरा मी मुद्दाम दुकानातून आणला. मी वळलेला दिला असता तर तुम्ही दोन्ही शेजारी धरून ओळखाल, अशी भीती वाटली. विकतचा म्हणून तुम्ही तो डबीत ठेवलात. म्हणजे ज्या दोऱ्यासाठी तुम्ही हट्ट धरला तोही माझा, आणि तो तुटला ही चूकही माझीच. आई गेली त्याच आठवड्यात सांगितलं असतं, तर तुम्ही तो केव्हाच बदलला असता.

तेव्हा आता नदीवर बसून राहायला तिच्या हातचं तिथं काही नाही. आहे ते इथं आहे, तिनं टाकून दिलेलं उरलेलं सूत. माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मी वळून ठेवू का?

ताटातलं गार झालं असेल. ते तसंच खा, पण खा.

माझ्यावरची माया ह्या पत्रानंतरही उरली असेल तर या. नसेल तरी या.

आपली,
लीला

•

मसिंदी,
२ नोव्हेंबर

चि. सौ. लीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जेवलो. शुभांगीनं दोन भाकऱ्या वाढल्या, तिसरी मी मागितली. ती पदराला डोळे पुसत होती, म्हणून चौथीही खावी लागली. आता पोट खरंच बरं न्हाय.

चारचंच तिकीट विरेशनं पुन्हा मिळवलं. त्यानं ते कधी रद्दच केलं नव्हतं, असा मला संशय आहे. म्हणजे ह्या घरात कुणीच कुणाला काही सांगत न्हाय.

आज शेवटची फेरी केली. ओकेलोला म्हटलं, आज हळू करू नकोस. त्यानं ऐकलं नाही, केलंच. मी कठड्याशी उभा राहिलो, पण मोजलं नाही. वही त्याला देऊन टाकली. तो पुढच्या लोकांना सांगेल की नळदुर्गच्या एका मझेनं लिहिलंय, ह्या वळणावर कमीत कमी नऊ. पाण्याला हात लावता आला नाही, म्हणून तिथूनच नमस्कार केला. पिलू आता मोठं झालंय. आईच्या पाठीवर मावत न्हाय, तरी चढतं.

तुझं पत्र वाचल्यावर खिशातला तुकडा काढून उजेडात धरला. आरोहीचं भिंग घेतलं. पीळ उलटा आहे, लीला. तुझ्या आईचा उजवीकडं पडायचा, हा डावीकडं. दोन वर्षं माझ्या गळ्यात होता. अर्ध्या इंचानं चढलेलं पाणी मी शंभर फुटांवरून ओळखायचो, नदीतले कान मोजायचो, आणि छातीवरचा पीळ दिसला न्हाय. 

तुझी आई हसली म्हणतेस, ते मला आठवतं. मला वाटलं होतं माझ्याकडं बघून हसली.

बुधवारी सोलापूरला उतरेन. कानात यंत्र घालून येतो, शांतलिंगाला सांग. सूत भिजवून ठेव. आठ पदर घे, आणि वळशील तेव्हा तुझ्या उलट्या हातानंच वळ. दोरा सरळ करायला जाऊ नकोस.

आता मायेचं कागदावर काय लिहू, समोर बसून जेवू.

तुझा,
अप्पा